जिम ट्रेनरची वेबसाईट माणसांना दिसते, मग एआयला का दिसत नाही?

"वय ५२, गुडघे दुखतात, पुण्यात बाणेरला राहते. घरी येऊन व्यायाम शिकवणारी लेडी ट्रेनर सुचव. बजेट महिना आठ हजार."

काही वर्षांपूर्वी गुगलवर असं कुणी टाइप करत नव्हतं. 'जिम निअर मी' टाकायचं, लिंक यायच्या, त्यातून आपणच निवडायचं. आता हाच प्रश्न चॅटजीपीटी, जेमिनी किंवा पर्प्लेक्सिटीला विचारला जातो आणि उत्तरात दोन-तीन नावं येतात. त्या नावांत जी ट्रेनर नाही, ती विचारणाऱ्या बाईंपुरती तरी बाणेरमध्ये नाहीच.

आपल्याकडे ही सवय लावायला टेलिकॉम कंपन्यांनीही हातभार लावला. जुलै २०२५ मध्ये एअरटेलनं आपल्या ३६ कोटी ग्राहकांना पर्प्लेक्सिटी प्रो वर्षभरासाठी फुकट देऊ केलं. ऑक्टोबरअखेर जिओनं जेमिनीची ऑफर आणली, तर नोव्हेंबरपासून चॅटजीपीटी गो भारतात वर्षभर मोफत झालं. गुगलच्या सर्चमध्ये वरच दिसणारा एआयचा सारांश तर ऑगस्ट २०२४ पासूनच इथे आहे.

या सारांशामुळे काय होतं, हे प्यू रिसर्च सेंटरनं तपासलं. अमेरिकेतल्या ९०० प्रौढांचा मार्च २०२५ मधला गुगल वापर त्यांनी पाहिला. सारांश नसताना १५ टक्के वेळा लोकांनी एखाद्या निकालावर क्लिक केलं, सारांश असताना फक्त ८ टक्के वेळा. खुद्द सारांशात दिलेल्या लिंकवर क्लिक होण्याचं प्रमाण जेमतेम १ टक्का होतं. थोडक्यात, ग्राहक वेबसाईटवर येऊन फोटो बघेल आणि मग ठरवेल, हा हिशोब आता कच्चा झालाय. निम्मं ठरवणं आधीच उरकलेलं असतं.

अडतं कुठे?

फिटनेस ट्रेनरची नेहमीची वेबसाईट डोळ्यांपुढे आणा. काळी पार्श्वभूमी, दंडाचा मोठा फोटो, त्यावर एखादं जोशातलं इंग्रजी वाक्य. खाली 'बिफोर-आफ्टर' फोटो. फीचा तक्ता कॅनव्हावर केलेला, म्हणजे तोही फोटोच. बॅचच्या वेळा पोस्टरवर. सर्टिफिकेटही मोबाईलवर काढलेला फोटो. मग इन्स्टाग्रामचे रील आणि व्हॉट्सअॅपचं बटण.

माणसाला यातून सगळं कळतं. पण एआय कंपन्यांचे बॉट, म्हणजे वेबसाईट वाचत फिरणारे प्रोग्रॅम, मुख्यतः लिहिलेला मजकूर उचलतात. फोटोतली अक्षरं ते वाचतीलच याचा भरवसा नाही. शिवाय आजकालच्या बऱ्याच वेबसाईटवरचा मजकूर जावास्क्रिप्ट चालल्यानंतर पानावर उमटतो. गुगलचा बॉट जावास्क्रिप्ट चालवून पान पाहतो. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयचे किंवा क्लॉड बनवणाऱ्या अँथ्रॉपिकचे बॉट सहसा तसं करत नाहीत. त्यामुळे तीच वेबसाईट गुगलला पूर्ण दिसते आणि चॅटजीपीटीला शटर ओढलेल्या दुकानासारखी: वर नावाचा बोर्ड आहे, आत काय मिळतं ते कळत नाही.

तिसरा अडसर अनेकांना माहीतही नसतो. प्रत्येक वेबसाईटला 'रोबोट्स डॉट टीएक्सटी' नावाची एक छोटी फाईल ठेवता येते. कुठल्या बॉटला आत येऊ द्यायचं आणि कुणाला नाही, हे तिथे लिहिलेलं असतं. ही पद्धत १९९४ पासूनची. अनेक वेबसाईट ज्या क्लाउडफ्लेअरच्या सेवेवर चालतात, त्या कंपनीनं १ जुलै २०२५ ला जाहीर केलं की नव्यानं जोडल्या जाणाऱ्या वेबसाईटवर एआय बॉट मुळातच अडवलेले असतील, मालकाला हवं तर त्यानं दार उघडावं. वृत्तसंस्था आणि प्रकाशकांसाठी हे बरंच आहे. त्यांचा मजकूर फुकट उचलला जातो, ही तक्रार खरी आहे आणि एएनआय विरुद्ध ओपनएआय हा खटला २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात गेला तो त्यावरूनच. पण ग्राहक शोधणाऱ्या ट्रेनरचं दार बंद असेल आणि ते त्याच्या गावीही नसेल, तर नुकसान त्याचंच.

इथे एक बारकावा आहे. ओपनएआयचा 'जीपीटीबॉट' मॉडेल शिकवण्यासाठी मजकूर गोळा करतो, तर 'ओएआय-सर्चबॉट' सर्चच्या उत्तरांसाठी. पहिल्याला अडवून दुसऱ्याला येऊ देता येतं. गुगलच्या बाबतीत मात्र सर्चमधला एआय सारांश नेहमीच्या गुगलबॉटवरच चालतो. त्याला अडवलं तर साध्या सर्चमधूनही नाव जाईल.

मग वेबसाईटवर लिहायचं काय?

'आम्ही तुमच्या फिटनेस प्रवासाचे सोबती आहोत' या वाक्यातून मशीनला काहीच मिळत नाही. खरं तर माणसालाही मिळत नाही. त्याऐवजी असं लिहिता येईल: 'बाणेर, बालेवाडी आणि औंधमध्ये घरी येऊन पर्सनल ट्रेनिंग. आठवड्यातून तीन दिवस, सकाळी ६ ते ११. फी महिना ७,५०० रुपयांपासून. पन्नाशीपुढच्या महिला आणि गुडघेदुखी असणाऱ्यांसाठी वेगळा व्यायामक्रम.' वरच्या बाईंच्या प्रश्नातला जवळपास प्रत्येक शब्द इथे सापडतो.

प्रिन्स्टन विद्यापीठ आणि आयआयटी दिल्लीच्या संशोधकांसह काही जणांनी २०२३ मध्ये याच विषयावर शोधनिबंध लिहिला. मजकुरात आकडे, अवतरणं आणि माहितीचे स्रोत दिले की एआयच्या उत्तरांत तो जास्त दिसतो, असं त्यात आढळलं. एकच शब्द पुन्हा पुन्हा कोंबण्याची जुनी एसईओची युक्ती मात्र चालली नाही.

व्यायामाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. आरोग्य आणि पैसा हे विषय गुगल जास्त काटेकोरपणे पाहतं, कारण चुकीच्या सल्ल्यानं माणसाचं नुकसान होतं. म्हणून सर्टिफिकेट कुणाचं, कोणत्या वर्षाचं, केव्हापर्यंत वैध, हे अक्षरात लिहावं. उदाहरणार्थ, अमेरिकन कौन्सिल ऑन एक्सरसाइजचं सर्टिफिकेट दर दोन वर्षांनी नव्यानं करावं लागतं, तेव्हा २०१७ चा फोटो लावून फार काही सिद्ध होत नाही. आपण कुणाला शिकवत नाही, हेही लिहावं: हृदयाचा त्रास असेल किंवा नुकतं बाळंतपण झालं असेल, तर डॉक्टरांच्या परवानगीशिवाय सुरुवात नाही. ही ओळ धंदा घालवेल अशी अनेकांना भीती वाटते. पण मधुमेह असलेला माणूस जेव्हा एआयला ट्रेनर विचारतो, तेव्हा त्याच्यासमोर ही ओळ लिहिणारा यावा की '१५ दिवसांत १० किलो' म्हणणारा, हा गंमतीचा प्रश्न नाही. सर्टिफिकेट खरं की खोटं, हे मशीन फोन करून विचारत नाही. खऱ्या जाणकारांनी लिहिलंच नाही, तर जे लिहिलेलं आहे त्यातूनच उत्तर तयार होतं.

सगळंच मात्र देऊन टाकू नये. बारा आठवड्यांचा पूर्ण व्यायामक्रम वेबसाईटवर टाकला तर एआय तो आयता वाढेल आणि तुमच्याकडे कुणी फिरकणारही नाही. पाठ वाकली की समोर उभं राहून टोकणं, हे मात्र त्याला अजून जमत नाही. त्याचीच तर फी आहे.

'एआयमध्ये पहिला नंबर' देणारी पॅकेजेस

ती विकणारे आता बरेच झालेत. 'एलएलएम्स डॉट टीएक्सटी' नावाची खास फाईल बसवून देतो, वेगळं कोडिंग करतो, असं सांगितलं जातं. गुगलनं मात्र स्पष्ट म्हटलंय की एआय सारांशात येण्यासाठी वेगळी फाईल किंवा खास कोड लागत नाही. नाव, पत्ता, वेळा नीट मांडणारा स्कीमाचा नेहमीचा कोड असेल तर चांगलंच, पण तेवढ्यासाठी हजारो रुपये मोजू नका. त्यापेक्षा गुगल बिझनेस प्रोफाईल, जस्टडायल आणि इन्स्टाग्रामवर नाव, पत्ता, फोन एकसारखा आहे का ते बघा. एका ठिकाणी 'फिटनेस स्टुडिओ', दुसरीकडे स्वतःचं नाव आणि तिसरीकडे जुना नंबर असेल, तर ही तीन वेगळी माणसं वाटू शकतात. इन्स्टाग्रामच्या सार्वजनिक प्रोफेशनल अकाउंटच्या पोस्ट जुलै २०२५ पासून गुगलमध्येही दिसू शकतात, त्यामुळे कॅप्शनमध्ये नुसते इमोजी टाकून भागणार नाही.

तपासणी फुकट होते. ब्राउजरच्या सेटिंगमध्ये जावास्क्रिप्ट बंद करून स्वतःची वेबसाईट उघडा. जे उरलं, साधारण तेवढंच बऱ्याच बॉटना दिसतं. मग चॅटजीपीटी, जेमिनी आणि पर्प्लेक्सिटीला ग्राहकाच्या भाषेत प्रश्न विचारा, मराठीतही विचारा. उत्तर दर वेळी थोडं बदलेल. फी किंवा पत्ता चुकीचा आला, तर उत्तराखाली दिलेली लिंक उघडून पाहा. कदाचित तुम्हीच कधीतरी केलेली आणि विसरलेली एखादी जुनी नोंद तिथे असेल.