आठवड्याभराची मिशन ट्रिप: फायदा नेमका कुणाला?

उन्हाळ्याची सुट्टी लागली की अमेरिकेतल्या अनेक चर्चमधून तरुणांचे गट परदेशी निघतात. आठवडा-दोन आठवडे तिथल्या चर्चची रंगरंगोटी, थोडं बांधकाम आणि मुलांसाठी शिबिर. यालाच म्हणतात 'शॉर्ट टर्म मिशन ट्रिप'. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वुथनाऊ यांच्या २००५ च्या सुमारच्या अंदाजानुसार, वर्षाला सुमारे १६ लाख अमेरिकन अशा ट्रिपवर जात होते.

हेतू चांगला, पण हिशेब काय सांगतो?

१९९८ मध्ये मिच चक्रीवादळाने मध्य अमेरिकेतल्या होंडुरासची वाताहत केली. त्यानंतर असे अनेक गट तिथे घरं बांधायला गेले. अभ्यासक कर्ट व्हर बीक यांनी खर्च मोजला. प्रवास धरून एका घरामागे सुमारे ३० हजार डॉलर लागले होते. स्थानिक ख्रिस्ती संस्था मात्र सुमारे २ हजार डॉलरमध्ये घर उभं करत होत्या. म्हणजे एका घराच्या पैशात १५ घरं!

'ट्रिपमुळे तरुण बदलतात, पुढे जास्त देणगी देतात,' असं समर्थक म्हणतात. पण परतल्यावर देणगीत फारसा फरक पडला नसल्याचं याच अभ्यासात दिसलं.

मग जाऊच नये का? तसं नाही. पण निघण्याआधी तीन प्रश्न विचारायला हवेत. तिथल्या चर्चने बोलावलंय का? हे काम तिथलेच लोक करू शकतात का? आणि शिबिर संपल्यावर त्या मुलांसोबत कोण असणार आहे?