डोके मोठे, हेल्मेट छोटे

अपघात विभागात आलेल्या दुचाकीस्वाराला मी विचारतो, ‘हेल्मेट होतं का?’ पुष्कळदा उत्तर येते, ‘होतं, पण आरशाला अडकवलेलं.’ का, तर कपाळ ठणकतं. आपण याला आळस म्हणतो. माझ्या डोक्याचा घेर ६२ सेंटिमीटर असल्याने मी म्हणत नाही. कोपऱ्यावरच्या दुकानात ५८ नाहीतर ६०. वर दुकानदाराचे आश्वासन, ‘डॉक्टर, वापरून सैल होईल.’

सैल होतो तो आतला स्पंज. कवचाखालचा थर्माकोलसारखा थर होत नाही. आणि आपटल्यावर स्वतः चिरडून मार शोषतो तो हाच. तो कोरून जागा करणारे महाभाग मी पाहिले आहेत. कृपया असले काही करू नका.

भुवयांच्या जरा वरून, डोक्याभोवती टेप फिरवून माप घ्या. पूर्ण चेहऱ्याचे हेल्मेट गालांना घट्ट बसायलाच हवे. कपाळावर एकाच जागी टोचले, तर लांबट डोक्यावर गोल कवच चढवले आहे, असे समजा. पट्टा लावून हेल्मेट हलवा. कपाळाची कातडी त्याच्याबरोबर सरकली पाहिजे. आणि दुकानात पंधरा मिनिटे ते घालून बसा, दुकानदार कंटाळला तरी.

१ जून २०२१पासून आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे, हे उत्तमच. पण मोठी मापे दुकानात ठेवायला कोणी सांगत नाही, दंड मात्र सगळ्यांना सारखा. मला माझे हेल्मेट तिसऱ्या दुकानात मिळाले, तेही मागवून, आठ दिवसांनी. तेवढे दिवस मी बसने रुग्णालयात गेलो.