दलाली हवी, जबाबदारी नको!

मोबाईलवर बोट फिरवले की माल दारात येतो, ही सोय आता केवळ सुखवस्तू घरांची मिरासदारी राहिलेली नाही. धुणीभांडी करणारी बाई, नाक्यावरचा मजूर, खेड्यातली अंगणवाडी सेविका हे सारे आज ऑनलाइन बाजाराचे गिऱ्हाईक आहेत. दुकानापेक्षा शे-दोनशे रुपये स्वस्त मिळते, हे त्यामागचे साधे कारण. परंतु कोट्यवधी गरिबांच्या खिशापर्यंत पोहोचलेला हा बाजार आपल्या फळीवर कोणता माल मांडला जातो, हे तपासण्याची तसदी घेतो काय?

प्रेशर कुकरचेच उदाहरण घेऊ. केंद्र सरकारने घरगुती कुकरवर आयएसआय चिन्ह 1 फेब्रुवारी 2021 पासून सक्तीचे केले. कारण उघड आहे. सेफ्टी व्हॉल्व्ह निकामी निघाला तर कुकर म्हणजे शेगडीवरचा बॉम्बच, आणि त्याच्यासमोर उभी असते ती घरातली बाई. असे असूनही ही सक्ती धाब्यावर बसवणारे 2,265 कुकर ॲमेझॉनवरून आणि 598 कुकर फ्लिपकार्टवरून विकले गेले. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑगस्ट 2022 मध्ये दोन्ही कंपन्यांना प्रत्येकी 1 लाख रुपये दंड ठोठावला. खरेदीदारांना कळवा, कुकर परत घ्या, पैसे परत द्या, असेही बजावले. त्या आदेशात नोंद आहे की, या विक्रीपोटी ॲमेझॉनला 6 लाख 14 हजार 825 रुपये फी मिळाली होती. म्हणजे कमाई सहा लाखांची आणि दंड एक लाखाचा! तरीही कंपनीने या आदेशाविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली.

या कंपन्यांचा बचाव ठरलेला असतो. आम्ही विक्रेते नाही, केवळ मध्यस्थ आहोत. माल दुसऱ्याचा, पाप दुसऱ्याचे. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 मधील कलम 79 ची ढाल त्यासाठी पुढे केली जाते. पण ती सूट बिनशर्त नाही. योग्य ती खबरदारी घेणाऱ्यालाच ती आहे, हे मात्र सोयीस्करपणे विसरले जाते. जाहिरात यांची, पैसे यांच्यामार्फत, पुष्कळदा गोदाम यांचे आणि माल पोहोचविणारा पोरगाही यांचाच. प्रत्येक विक्रीमागे दलाली घ्यायची आणि माल खोटा निघाला की हात झटकायचे, हा कुठला न्याय? आठवडी बाजारात फसवणाऱ्या विक्रेत्याला पुढच्या आठवड्यात जाब तरी विचारता येतो. इथे तो एक नाव टाकून दुसरे धारण करतो आणि गिऱ्हाईक मोबाईलवर यंत्राशी बोलत बसते.

लाखो विक्रेत्यांचा माल तपासणे अशक्य आहे, असाही युक्तिवाद केला जातो. तो किती पोकळ आहे, हे 2023 मध्ये दिसले. मोटारीत सीट बेल्ट न लावता बसले की वाजणारी धोक्याची घंटा बंद पाडणाऱ्या क्लिपा या बाजारात राजरोस विकल्या जात होत्या. जीव वाचविणारी घंटाच मुकी करण्याचा हा धंदा! प्राधिकरणाने पाच कंपन्यांवर बडगा उगारला आणि अशा 13,118 जाहिराती खाली उतरल्या. सरकारने डोळे वटारल्यावर जे जमते, ते आधी का जमत नाही? कोणी काय शोधले, कोण काय घेईल, याचा बारीकसारीक हिशेब ठेवणाऱ्या यंत्रणेला कुकर विकणाऱ्याकडे परवाना क्रमांक मागता येत नाही, यावर कोण विश्वास ठेवील?

या ढिलाईची किंमत श्रीमंत मोजत नाही. त्याला नामांकित दुकान परवडते. मोजतो तो हातावर पोट असणारा. पाच चांदण्या आणि खाली लिहिलेली स्तुती पाहून तो पैसे टाकतो. ती स्तुतीही विकत घेतलेली असू शकते. अशा खोट्या अभिप्रायांना आळा घालण्यासाठी भारतीय मानक ब्युरोने 2022 मध्ये मानक आणले, पण ते ऐच्छिक ठेवले. चोरानेच स्वतःवर पहारा ठेवायचा, असा हा प्रकार झाला!

तेव्हा मागणी स्पष्ट हवी. ज्या वस्तूंना प्रमाणपत्र सक्तीचे आहे, त्या परवाना पडताळल्याशिवाय फळीवर चढता कामा नयेत. दंड विक्रीच्या प्रमाणात असावा, कमाईपेक्षा जास्त असावा. आणि विक्रेता गायब झाला तर भरपाई बाजार चालविणाऱ्याने द्यावी.

तोवर हाती असलेले हक्क वापरलेच पाहिजेत. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे विक्रेत्याचे नाव व पत्ता दाखविणे बंधनकारक आहे. तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण महिन्याभरात झाले पाहिजे. 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दावा लावता येतो, आणि 5 लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी फी लागत नाही. बिल जपून ठेवा, वस्तूचा फोटो काढा, तक्रार लेखी करा. "जाऊ द्या, दोनशे रुपयांचाच प्रश्न आहे" असे म्हणून गप्प बसलेल्या लाखो गिऱ्हाइकांच्या मौनावरच हा बेजबाबदार बाजार पोसला जातो. ते मौन आता सुटले पाहिजे.