बेसचा आवाज फाटतो तेव्हा
हिंगोलीत दसऱ्याला रामलीला मैदानावर किंवा गणपतीत गल्लीतल्या मंडपात ऑर्केस्ट्रा रंगात आला, की बेस गिटारचा आवाज फाटतो आणि वादकाचा हात आधी ‘बास’च्या बटनाकडे जातो. हा हात आवरायला हवा. बेसच्या सर्वांत जाड तारेचा मूळ स्वर सेकंदाला जेमतेम ४१ कंपनांचा. तो मोठ्याने काढताना अ‍ॅम्पची बहुतेक ताकद तिथेच खर्ची पडते आणि बटन वाढवले की अ‍ॅम्प आणखी लवकर दमतो. म्हणून आधी गेन उतरवा, मास्टर चढवा. आवाज निवळला तर दोष इनपुटला होता. नाही निवळला, तर गिटार अ‍ॅक्टिव्ह आहे का पाहा: आतली ९ व्होल्टची बॅटरी उतरली की स्वर खरखरतो, आणि लोक बिचाऱ्या अ‍ॅम्पला उघडून बसतात. मग केबल बदला, पण एका वेळी एकच गोष्ट बदला. पुढे अ‍ॅम्पला हेडफोन लावा. तिथे स्वर स्वच्छ असेल तर संशय पॉवर अ‍ॅम्प किंवा स्पीकरवर. वीज बंद करून स्पीकरचा कागद दोन्ही हातांनी अलगद, सरळ दाबा. आत घासल्याचा आवाज आला तर कॉइल गेली. जोडणीही मोजा: ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की भार ४ ओहम होतो, तिसरा जोडला की २.७. किमान ४ ओहमचा अ‍ॅम्प त्या तिसऱ्या स्पीकरने तापतो, फाटतो, कधी जळतोही.