अनुदान शेडला, कसोटी पिलांची

खानदेशात वराहपालनाचा विषय निघाला की शहरी वाचकाच्या डोळ्यांसमोर मोकाट डुकरे आणि ती पकडण्याची नगरपालिकेची मोहीम उभी राहते. मात्र २०२१ मध्ये केंद्राने राष्ट्रीय पशुधन अभियानाची फेररचना करून वराहपैदास प्रकल्पांना ५० टक्के, कमाल ३० लाख रुपयांपर्यंत अनुदान देऊ केले. वराहखाद्यातील मुख्य धान्य मका, आणि तो अमळनेर परिसरात पिकतो. उद्या येथील एखाद्या सुशिक्षित तरुणाने असा प्रकल्प उभारला, तर नवल वाटू नये. त्याची खरी कसोटी मात्र शेड उभारताना नव्हे, पिलांचे दूध तोडताना लागेल.

वराहाचे पिलू जवळजवळ प्रतिद्रव्यांवाचूनच जन्मते. पहिल्या २४ तासांत मिळालेला चीक हेच त्याचे कवच. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात हे कवच विरळ होते आणि स्वतःची रोगप्रतिकारशक्ती तोवर पक्व झालेली नसते. नेमके याच सुमारास दूध तोडले, तर आई दुरावते, दुधाऐवजी कोरडे खाद्य येते, अनोळखी पिलांशी झुंज सुरू होते. या ताणाने पिलू खाणे सोडते, आतड्याचे अस्तर झिजते, ई-कोलाय जंतूंमुळे हगवण लागते आणि वाढ खुंटते.

येथवर प्रश्न पशुपालकाच्या नफ्या-तोट्याचा. पण हगवण रोखण्यासाठी खाद्यात प्रतिजैविके मिसळण्याचा सोपा मार्ग अनेक देशांत रूढ झाला आणि प्रश्न आपल्या रुग्णालयांपर्यंत येऊन पोहोचला. कोलिस्टिन हे माणसांवरील उपचारातील अखेरच्या फळीचे औषध. त्याला दाद न देण्याची क्षमता एका जंतूकडून दुसऱ्याकडे नेणारे जनुक चीनमध्ये वराह आणि माणसे या दोहोंत आढळल्याचे २०१५ मध्ये जाहीर झाले. भारताने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांकरिता कोलिस्टिनवर बंदी घातली, ती योग्यच होती.

तथापि, केवळ बंदीने काम भागत नाही. स्वीडनने १९८६ मध्येच वाढीसाठी दिली जाणारी प्रतिजैविके बंद केली, तेव्हा प्रारंभी पिलांतील हगवण वाढली. गोठे, खाद्य आणि दूध तोडण्याचे वय यांत सुधारणा झाल्यावरच ती आटोक्यात आली. युरोपीय संघात आज काही अपवाद वगळता २८ दिवसांच्या आत दूध तोडता येत नाही.

आपल्याकडील छोट्या पालकाला तर घाईचे कारणच नाही. दुसऱ्या आठवड्यापासून पिलांना थोडे थोडे खाद्य द्यावे, सहा आठवड्यांपर्यंत दूध पाजू द्यावे, नंतर आईला हलवून पिले त्याच जागी ठेवावीत. नुकतेच दूध तुटलेल्या पिलाला सुमारे २८ अंशांची ऊब लागते. खानदेशात हिवाळ्यातील काही रात्री पारा १० अंशांखाली उतरतो. कोरडी, उबदार जागा हेच तेथे पहिले औषध.

अनुदानासाठी प्रशिक्षण वा अनुभवाची अट योजनेत आहे. त्या प्रशिक्षणात या काही आठवड्यांना मानाचे स्थान मिळाले नाही, तर शेड सरकारी पैशाने उभी राहील आणि पिले पुन्हा औषधांच्या भरवशावर वाढतील. त्याची किंमत मग वराहाचे मांस कधीही न खाणाऱ्यालाही मोजावी लागेल.