विश्लेषण : छाती न उघडता हृदयावर उपचार… पण स्टेंट प्रत्येकाला हवाच का?

‘नव्वद टक्के ब्लॉकेज आहे, आताच स्टेंट टाकायचा का?’ कॅथलॅबच्या दारात नातेवाइकांना हा प्रश्न विचारला जातो तेव्हा रुग्ण आत टेबलावर असतो आणि उत्तर द्यायला हाताशी काही मिनिटेच असतात. मनगटातून किंवा जांघेतून, त्वचेवरच्या एका छोट्या छिद्रावाटे होणाऱ्या अँजिओप्लास्टीने हृदयरोगाचे उपचार सुटसुटीत केले. निर्णय मात्र तितका सुटसुटीत झालेला नाही.

त्वचेवाटे उपचार कसे होतात?

याचे मूळ तंत्र १९५३ मध्ये स्वीडनचे रेडिओलॉजिस्ट स्वेन सेल्डिंगर यांनी मांडले. सुईने रक्तवाहिनीत शिरायचे, सुईतून बारीक तार आत सरकवायची, सुई काढून घ्यायची आणि तारेवरून नळी आत न्यायची. बस्स, इतकेच. अँजिओप्लास्टी असो, हृदयाची झडप बदलणे असो किंवा यकृतातील गळवाचा पू काढणे असो, आजही सुई-तार-नळी हाच क्रम वापरला जातो.

कल्पना कुणाची?

१९२९ मध्ये जर्मनीतील वेर्नर फोर्समन या तरुण डॉक्टरने स्वतःच्या हाताच्या शिरेतून हृदयापर्यंत नळी सरकवली आणि त्याच अवस्थेत चालत जाऊन एक्स-रे काढून घेतला. तेव्हा हा वेडेपणा ठरला. १९५६ मध्ये त्याच कामासाठी त्यांना नोबेल मिळाले. १९६४ मध्ये अमेरिकेतील चार्ल्स डॉटर यांनी पाय कापून घेण्यास नकार देणाऱ्या ८२ वर्षांच्या महिलेच्या पायातील अरुंद रक्तवाहिनी नळीने रुंद केली. आंद्रेआस ग्रुएन्टझिग यांनी तर फुग्याच्या नळ्या घरी स्वयंपाकघरातील टेबलावर तयार केल्या. १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिचमध्ये त्यांनी ३८ वर्षांच्या रुग्णाच्या हृदयाची धमनी अशाच फुग्याने उघडली. धमनी पुन्हा मिटू नये म्हणून धातूच्या जाळीचा आधार, म्हणजे स्टेंट, आला तो १९८६ मध्ये.

स्टेंटने जीव वाचतो का?

हार्ट अटॅक आलेला असेल तर होय. धमनीतील चरबीचा थर फुटून त्यावर गुठळी जमते, रक्तप्रवाह थांबतो आणि हृदयाचा स्नायू मिनिटागणिक मरू लागतो. अशा वेळी धमनी तातडीने उघडणे हाच उत्तम उपचार. रुग्णालयात पोहोचल्यापासून ९० मिनिटांत ती उघडावी, हे उद्दिष्ट जगभर मानले जाते.

पण जिना चढताना छातीत दुखते, बसल्यावर थांबते आणि महिनोन्‌महिने तसेच आहे, अशा ‘स्थिर’ रुग्णांचे काय? इथे चित्र बदलते. २००७ मधील ‘करेज’ आणि भारतासह ३७ देशांतील ५,१७९ रुग्णांवर झालेला ‘इस्केमिया’ या दोन्ही अभ्यासांत, चांगली औषधे सुरू असलेल्या अशा रुग्णांमध्ये स्टेंट किंवा बायपासची भर घातल्याने मृत्यूचे प्रमाण घटल्याचे दिसले नाही. कारण साधे आहे. पुढचा अटॅक अनेकदा अँजिओग्राफीत ठळक दिसणाऱ्या अडथळ्यातून न येता, किरकोळ वाटणारा दुसराच थर फुटून येतो. स्टेंट एका जागेची डागडुजी करतो. धमन्यांचा आजार मात्र सगळीकडे असतो. त्यावर स्टॅटिन, रक्तदाबाची औषधे आणि तंबाखू सोडणे हेच उपाय.

एक अपवाद लक्षात ठेवायला हवा : डाव्या मुख्य धमनीतील अडथळा. असे रुग्ण ‘इस्केमिया’ अभ्यासात घेतलेच नव्हते. मधुमेह आणि अनेक धमन्यांत अडथळे असतील, तर बायपास सरस ठरते, असे २०१२ च्या ‘फ्रीडम’ अभ्यासात आढळले.

दुखणे तरी थांबते का?

यावरही वाद झाला. २०१७ मध्ये ब्रिटनमधील ‘ऑर्बिटा’ अभ्यासात काही रुग्णांवर स्टेंट न टाकता लुटुपुटूची प्रक्रिया केली गेली. औषधे आधीच सुरू असलेल्या रुग्णांत व्यायामक्षमतेचा लक्षणीय फरक दिसला नाही. २०२३ मधील ‘ऑर्बिटा-२’ मध्ये मात्र छातीदुखीची औषधे थांबवलेल्या रुग्णांना स्टेंटने स्पष्ट आराम पडला. म्हणजे दुखणे कमी करण्यासाठी स्टेंट हा रास्त पर्याय आहे. ‘टाइम बॉम्ब’ची भीती घालून तो गळी उतरवणे मात्र रास्त नाही.

किमतीला चाप बसला का?

अर्धवट. फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने औषधयुक्त स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरवली. त्याआधी काही स्टेंटसाठी लाखाच्या वर मोजावे लागत. घाऊक किंमत निर्देशांकाप्रमाणे वाढत ही मर्यादा आता ३८ हजारांपुढे गेली आहे. पण फुगा, तार, नळी यांना अशी कमाल किंमत लागू झाली नाही, आणि रुग्णालयाचे शुल्क तर वेगळेच. त्यामुळे स्टेंट स्वस्त झाला, तरी बिल त्या प्रमाणात उतरले नाही.

स्टेंटनंतर रक्तातील गुठळी रोखणाऱ्या दोन गोळ्या साधारण सहा ते बारा महिने घ्याव्या लागतात. बरे वाटते म्हणून त्या परस्पर बंद केल्यास स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. हा खर्च आणि ही जबाबदारी सांगायची वेळ प्रक्रियेआधीची आहे. अटॅकच्या रुग्णाला विचार करायला सवड नसते. स्थिर रुग्णाला ती असते : अँजिओग्राफी झाल्यावर टेबलावरून उतरावे, सीडी घ्यावी आणि दुसऱ्या हृदयरोगतज्ज्ञाला दाखवावी, याला वैद्यकीयदृष्ट्या सहसा काहीच आडकाठी नसते.