लक्षणे नसलेला वाहक

भंडारा जिल्ह्याला हत्तीरोग नवा नाही. या रोगाचे सूक्ष्म कृमी रात्रीच्या वेळी रक्तात उतरतात, म्हणून आरोग्य कर्मचारी रक्ताचे नमुने घ्यायला रात्री घरोघरी फिरतात. रक्तात कृमी सापडलेल्या अनेकांचा पाय सुजलेला नसतो, अंगात तापही नसतो. डास मात्र त्यांच्याच रक्तातून रोग शेजारच्या घरी नेतो. म्हणूनच सामुदायिक औषधोपचार मोहिमेत गर्भवती, दोन वर्षांखालील मुले आणि गंभीर आजारी वगळता धडधाकट माणसानेही गोळ्या खायच्या असतात. ‘मला कुठे काय झाले आहे?’ असे म्हणून गोळी खिशात टाकणारा माणूस स्वतःपुरता बरोबर असेलही. गावापुरता तो चुकतो.

संगणकाच्या बाबतीत नेमकी हीच चूक होते आहे. भंडाऱ्याहून नागपूरकडे जाणाऱ्या महामार्गावरील शहापूर हे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांचे गाव. शेजारी जवाहरनगरची वसाहत. अशा गावात एक पेनड्राइव्ह दिवसभरात किती ठिकाणी लागतो, याचा हिशेब कोणी ठेवत नाही. सकाळी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, दुपारी झेरॉक्सच्या दुकानात, संध्याकाळी खोलीतल्या लॅपटॉपवर आणि दुसऱ्या दिवशी दाखल्यासाठी सेवा केंद्रात. यातला एखादा लॅपटॉप लिनक्सवर चालत असेल, तर त्याचा मालक ठामपणे सांगतो, ‘लिनक्सला व्हायरस लागत नाही.’

हे विधान अर्धे खरे आहे. विंडोजसाठी लिहिलेला विषाणू लिनक्सवर किंवा मॅकवर सहसा चालतच नाही. शिवाय लिनक्समध्ये रोजचे काम मर्यादित अधिकारांच्या खात्यातून होते आणि बहुतेक प्रणाली अधिकृत भांडारातून येतात. पण त्या लॅपटॉपवरून पुढे दिलेली फाइल विषारी असेल, तर ती तशीच पुढे जाते. पेनड्राइव्हमधले फोल्डर गायब होऊन त्यांच्या जागी शॉर्टकट दिसू लागतात, तो प्रकार झेरॉक्सच्या दुकानदारांना चांगला ठाऊक आहे. लिनक्सवर त्याचा काही त्रास होत नाही, म्हणून तो ध्यानातही येत नाही. त्रास पुढच्या विंडोज संगणकाला होतो, आणि त्या संगणकात कदाचित एखाद्याच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाची कागदपत्रे असतात.

विधानाचा उरलेला अर्धा भाग तर खोटाच आहे. 2012 मध्ये ‘फ्लॅशबॅक’ने सुमारे सहा लाख मॅक संगणक ताब्यात घेतले होते. 2016 मध्ये ‘मिराई’ने लिनक्सवर चालणारे कॅमेरे आणि राउटर हेरले. कारखान्यातून आलेला पासवर्ड कोणी बदललेला नव्हता, एवढी एकच फट त्याला पुरली. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये या उपकरणांच्या फौजेने अमेरिकेतील अनेक बडी संकेतस्थळे काही तास बंद पाडली. आणि विंडोज नसलेला सर्वांत मोठा संगणक तर प्रत्येकाच्या खिशात आहे. अँड्रॉइडच्या मुळाशी लिनक्सच आहे. लग्नपत्रिका किंवा वाहनाचे चलान म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर येणारी एपीके फाइल त्याच फोनमधून बँकेचे खाते रिकामे करते.

हा प्रश्न आताच ऐरणीवर येण्याचे कारणही आहे. 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 चा नियमित आधार संपला. नवी विंडोज न पेलणारे जुने संगणक भंगारात न काढता त्यांवर लिनक्स घालणे, हा शहाणपणाचा आणि काटकसरीचा मार्ग आहे. सी-डॅकने तयार केलेली ‘बॉस’ ही भारतीय लिनक्स प्रणाली अनेक वर्षांपासून उपलब्ध आहे. संरक्षण मंत्रालयाने 2023 मध्ये विंडोजऐवजी उबुंटूवर आधारित ‘माया’ स्वीकारायचे ठरवले, तेव्हा तिच्यासोबत ‘चक्रव्यूह’ ही संरक्षक प्रणालीही घेतली. विंडोज सोडली म्हणजे पहारा सोडायचा, असा अर्थ देशाच्या संरक्षण खात्यानेही काढलेला नाही.

सामान्य माणसासाठी हा पहारा फुकट मिळतो. ‘क्लॅमएव्ही’ ही मुक्तस्रोत विषाणूरोधक प्रणाली पोलंडच्या तोमाश कोयम यांनी सुरू केली. आज तिचा सांभाळ सिस्को कंपनी करते. जवळजवळ प्रत्येक लिनक्सच्या भांडारात ती आहे, मॅकवरही चालते. ‘फ्रेशक्लॅम’ हा तिचा भाग विषाणूंच्या खुणांची यादी ताजी ठेवतो आणि ‘क्लॅमस्कॅन’ फाइली त्या यादीशी ताडून पाहतो. मुळात ती टपाल सर्व्हरवरून जाणारे ईमेल तपासण्यासाठी नावारूपाला आली. म्हणजे दुसऱ्याकडे जाणारा रोग वाटेतच अडवणे, हेच तिचे मूळ काम.

तिच्या मर्यादाही स्पष्ट सांगायला हव्यात. साधी बसवली तर ती चोवीस तास राखण करत नाही. तपासणी सांगावी लागते. नव्याने आलेला, यादीत नसलेला विषाणू तिच्या नजरेतून सुटू शकतो. तपासणी चालू असताना ती एक जीबीहून अधिक मेमरी व्यापते, त्यामुळे दोन जीबीच्या जुन्या यंत्राची दमछाक होते. फसव्या फोनवर ओटीपी सांगणाऱ्याला कोणतीच प्रणाली वाचवत नाही. तिथे 1930 या क्रमांकावर तातडीने तक्रार करणे हाच उपाय. ‘मुक्तस्रोत म्हणजे आपोआप सुरक्षित’ हाही भ्रमच. मार्च 2024 मध्ये ‘एक्सझेड’ या मुक्तस्रोत साधनात तिच्याच एका सांभाळकर्त्याने चोरदरवाजा बसवल्याचे उघड झाले. पण अर्ध्या सेकंदाच्या विलंबाने संशय आलेल्या आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला तो शोधून जगापुढे मांडता आला, कारण स्रोत सर्वांना खुला होता.

तेव्हा क्रम पक्का हवा. आधी प्रणाली अद्ययावत ठेवणे, राउटरचा पासवर्ड बदलणे, महत्त्वाच्या फाइलींची वेगळी प्रत ठेवणे. त्यानंतर क्लॅमएव्ही, आणि तीही आल्या-गेल्या प्रत्येक पेनड्राइव्हसाठी.

महाविद्यालये, वाचनालये आणि ग्रामपंचायती याहून एक पाऊल पुढे जाऊ शकतात. चार जीबी मेमरीचा, इतरांनी टाकून दिलेला एक संगणक, त्यावर लिनक्स आणि क्लॅमएव्ही, दाराशी मांडलेला. आत येणारा प्रत्येक पेनड्राइव्ह आधी तिथे तपासायचा. विंडोजचा विषाणू त्या यंत्रावर सहसा चालत नाही, म्हणून तपासणीसाठी तेच सर्वांत योग्य. शहापूरसारख्या गावात हे काम करू शकणारे विद्यार्थी शेकड्यांनी आहेत, आणि खर्च जवळपास शून्य आहे. स्वतः आजारी न पडणाऱ्या संगणकाने दुसऱ्याचा रोग ओळखावा, याहून चांगला उपयोग त्याच्या प्रतिकारशक्तीचा कोणता?